खानावळीचा डबा आणि गावकीचा नारळ

अजूनही कुणी ना कुणी येतं. परवा रोह्याहून एक बाई आली. नवऱ्याला बाहेरच्या जेवणातून झालंय, लिव्हरवर गेलंय म्हणाली. पदराशी चाळा करत बसली आणि मग विचारलंन, "ताई, तुम्ही म्हणे केस केली होतीत. करता येते का हो अशी?"

करता येते. तिला चहा दिला आणि सगळं सांगितलं. तेच इथे लिहून ठेवते, म्हणजे दर वेळी तोंडाची वाफ दवडायला नको. नुसता कायदा सांगून मात्र भागत नाही. कायद्याचं ऐकून मी गेले आणि चांगली तोंडावर आपटले. म्हणून आजारापासूनच सांगते.

*

माझं माहेर अष्टमीला, रोह्याचा पूल ओलांडला की लगेच. सासर पेणजवळ खाडीकडच्या गावात. नवरा डोलवीला कंपनीत कंत्राटावर. नवऱ्याला मी 'हे'च म्हणते, लिहितानाही तेच लिहीन. मी पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला होते. मूर्तीचे डोळे आखायचं काम माझ्याकडे. त्याला हात स्थिर लागतो आणि माझा होता, हे मी फुशारकीने सांगते.

सिझनला पहाटे उठून घरचं करायचं, एसटी पकडायची, त्यात डबा कधी करणार? कारखान्यात दुपारचा डबा खानावळीतून यायचा. खानावळ दिनकर भाऊजींची. दिनकर म्हणजे यांचा चुलतभाऊ, आमच्याच गावचा. पेणच्या बाहेर रस्त्यालगत जागा घेऊन त्याने खानावळ टाकली होती. मागे विहीर, विहिरीला लागून संडासाचा खड्डा. हे आम्हाला नंतर कळलं. डबा देताना नेहमी म्हणायचा, "वहिनी, घरचंच जेवण समजा." समजलो आम्ही घरचंच.

त्या श्रावणात कारखान्यात एकेकाचं पोट बिघडलं. माझ्या शेजारी बसून दागिने रंगवणारी मंदा, आमच्याच गावची, तिला तर रक्त पडायला लागलं. पावसाळ्यात व्हायचंच म्हणून आम्ही ओवा चावला, डाळिंबाची साल उगाळून घेतली आणि कामाला बसलो. गणपती तोंडावर आलेले, पोट धरून घरी बसायची सोय कुणाला होती? माझं पोट थांबलं. बरं वाटलं म्हणते तोवर ताप सुरू झाला.

थंडी वाजून ताप, अंगाला घाम, पुन्हा ताप. पेणच्या डॉक्टरांनी मलेरियाच्या गोळ्या दिल्या. सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या. उजव्या बरगडीखाली दुखायचं ते थेट खांद्यात जायचं. एक दिवस मोठ्या मूर्तीचा उजवा डोळा आखताना कळ आली आणि हात निसटला. बाप्पा तिरळा झाला. कारखान्याच्या शेठने ओल्या फडक्याने पुसून टाकलंन आणि म्हणाला, "बाई, घरी जा. तुमचं काय खरं नाय." तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

*

पनवेलला सोनोग्राफी झाली. डॉक्टर तरुण होते, मशीनकडे बघत म्हणाले, "लिव्हरमध्ये गळू झालंय. मोठं आहे. अमिबा."

"अमिबा म्हणजे तो शाळेतला?" मी विचारलं.

"तोच."

नववीत मी त्याचं चित्र काढलं होतं. बाईंनी वर्गभर फिरवून दाखवलं होतं. तोच आता माझ्या पोटात घर करून बसला होता. मला हसू आलं आणि हसल्यावर बरगडीत अशी कळ गेली की डोळ्यांतून पाणी आलं. हे म्हणाले, "रडू नको." मी म्हटलं, "रडत नाय, हसते." यांना वाटलं ताप डोक्यात गेला.

डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता, जेवता कुठे, कच्चं काय खाता, आधी हगवण झाली होती का. झाली होती. आणखी कुणाला? मी मंदाचं नाव घेतलं, साच्यातून मूर्ती काढणाऱ्या शंकर मोल्डरचं घेतलं, शेठच्या मुलीचं घेतलं. सगळी त्या डब्यावरची. "तुमच्या त्या खानावळीच्या पाण्यात मैला उतरत असणार. शिजवताना जंतू मरतो. कच्च्यातून, ताकातून, चटणीतून येतो." असं म्हणून त्यांनी आमच्यासमोर पेणच्या नगरपालिकेत ओळखीच्या माणसाला फोन लावला, पाण्याचा नमुना आजच घ्या म्हणून. त्यांचं हे एक काम मी विसरणार नाही. उशीर झाला असता तर विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर पडली असती आणि पाणी देवाच्या तीर्थासारखं निघालं असतं.

*

परत येऊन पेणच्याच एका दवाखान्यात ठेवलं. जाड सुई घालून पू काढला. लाल मातीचं पाणी असावं तसा रंग. डॉक्टर सांगत होते बघू नका आणि मी बघत होते, माझ्याच पोटातलं, मी नाही बघायचं तर कुणी?

सलाईनमधून औषध. त्या औषधाची चव तोंडात बसते. जुनं पितळेचं भांडं चाटल्यासारखी. पाणी कडू, पेज कडू, थुंकी कडू. ज्यांना हे औषध चालू आहे त्यांना सांगते, तेवढं पूर्ण घ्या, चवीला कंटाळून सोडू नका. आमच्या वॉर्डात एक आया होती, तिने लिंबाच्या फोडीला मीठ लावून जिभेखाली ठेवायला दिलं. "मावशी, डॉक्टर ओरडतील," मी म्हटलं. "ओरडू दे. त्यांनी कुठं खाल्लंय ते औषध?" ती म्हणाली. त्या लिंबावर मी दिवस काढले.

सकाळी सिस्टर ताप बघायची, मग झाडू, मग डॉक्टरांची फेरी, मग भेटायला येणारे. भेटायला येणारे म्हणजे दुसरा आजार. एक येऊन सांगायची, तिच्या दिराला हेच झालं होतं, फुटलं आत आणि गेला. दुसरी म्हणायची कावीळ असणार, झाडपाला घे. सासूबाई कॉटशेजारी बसून सगळ्यांना ऐकवायच्या, "आमच्या घरात कुणाला काय झालं नाय बाई. हिचंच पोट नाजूक."

आणि एक दिवस दिनकर भाऊजी आले. हातात स्टीलचा डबा.

"वहिनी, तुमच्यासाठी मऊ पेज आणलीय. मुद्दाम वेगळी करायला लावली."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. माणसाला लाज नावाची चीज असावी की नाही?

"भाऊजी," मी म्हटलं, "आधी तुम्ही खा. इथं, माझ्यासमोर. आणि वर तुमच्याच विहिरीचं पाणी प्या."

त्याचं तोंड उतरलं. सासूबाई किंचाळल्या, "अगो, अन्नाला काय बोलतेस? घरातला माणूस हाय!" यांनी डबा घेतला आणि खिडकीत ठेवला. दिनकर गेल्यावर तो डबा मी आयाला मोरीत ओतायला लावला. यांनी त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं. नवऱ्याला बायकोच्या लिव्हरपेक्षा चुलतभावाच्या तोंडाची काळजी जास्त, हे मला तिथे कॉटवर कळलं.

*

आता कायदा. पेणमधल्या एका वकिलांनी तो मला समजावून सांगितला, तसा सांगते.

अन्नातून आजारी पडलात तर वाटा आहेत. एक, अन्न निरीक्षकाकडे तक्रार. तो नमुने घेतो, खटला सरकार चालवतं, विकणाऱ्याला शिक्षा होऊ शकते, पण तुमच्या हाती काही येत नाही. दुसरी, पोलीस. हयगयीने रोग पसरवला म्हणून. वकील म्हणाले, ठाण्यावर तुमची नोंद घेतली तरी मला कळवा, मी पेढे वाटतो. तिसरी, दिवाणी दावा. तो नातवंडांना कामाला येईल. चौथी, ग्राहक मंच, अलिबागला. तेव्हा ते नाव पेणमध्ये फारसं कुणाला माहीत नव्हतं. साध्या कागदावर तक्रार लिहायची, स्टँप नको, वकील नसला तरी चालतो, दोन वर्षांच्या आत जायचं.

पुरावा मात्र तुम्ही गोळा करायचा. औषध सुरू व्हायच्या आत शौचाची तपासणी करून घ्या. दवाखान्याचं कार्ड जपा. पाण्याचा नमुना लगेच घ्यायला लावा. त्याच अन्नाने आजारी पडलेली दोन माणसं तरी उभी करा, नाहीतर समोरचा विचारतो, बाई, भेळ कुठे खाल्लीत, उसाचा रस कुठे प्यायलात?

माझ्याकडे सगळं होतं. पाण्याचा अहवाल आला होता, पिण्यास अयोग्य, मैला मिसळलेला. डॉक्टर लिहून द्यायला तयार. मंदा आणि शंकर बोलायला तयार. "बाई, इतकी स्वच्छ केस मी बघितली नाही," वकील म्हणाले.

मला काय हवं होतं ते स्पष्ट सांगते, कारण गावात उलटंच पसरवलं गेलं. खर्च निघाला असता तर नको म्हटलं नसतं. पण मला हवा होता एक कागद, ज्यावर सरकारी शिक्क्याने लिहिलेलं असेल की या बाईचं पोट नाजूक नव्हतं, जेवण घाण होतं. आणि ती खानावळ बंद व्हायला हवी होती. डबे अजून जात होते, दुसऱ्या कारखान्यांत.

*

दवाखान्यातून मी अष्टमीला आईकडे गेले. अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. तिथूनच तक्रार पाठवली.

आमच्याकडे गावकी असते. भांडण भाऊबंदकीचं असो की बांधाचं, आधी गावकीत न्यायचं, पंच ठरवतील ते ऐकायचं. बाहेर परस्पर गेलात तर वाळीत. वाळीत म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. लग्नाला कुणी येत नाही, पिठाच्या गिरणीवर दळून देत नाहीत, मयताला खांदा मिळत नाही. मंचाची नोटीस दिनकरला पोचली आणि तो नोटीस घेऊन सरळ देवळात गावकीपुढे गेला.

पंचांनी यांना बोलावलं. मला नाही. बाईला कोण बोलावतं? पंचांमधले वडीलधारे म्हादूकाका, त्यांनी सांगितलं, दिनकरने देवापुढे नारळ ठेवावा आणि वहिनीच्या घराने तो उचलावा. आमच्याकडची ही रीत. चुकलेला नारळ ठेवतो, ज्याचं नुकसान झालंय तो उचलतो, विषय मिटतो. पुन्हा त्यावर बोलायचं नाही.

यांनी नारळ उचलला.

आणि तो घेऊन हे अष्टमीला आले. मी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. आईच्या हातात नारळ देऊन म्हणाले, "देवळातला हाय, प्रसाद." एवढंच. आईने खोवला, थोडा गूळ घालून तांदळाच्या खिरीत टाकला. कित्येक दिवसांनी माझ्या तोंडाला चव आली होती. मी दोनदा मागून घेतली. हे समोर बसून बघत होते. माणूस असं बघत बसू शकतो, मला अजून पटत नाही.

*

मंदा स्वतः येऊन सांगून गेली. त्यात तिचा मोठेपणा. "वहिनी, मी नाय येत गो अलिबागला. पोरीचं लगीन ठरलंय. गावकीनं टाकलं तर हळदीला कोण येल?" शंकर मात्र सांगायलाही आला नाही. मला बघून कारखान्याच्या मागच्या दाराने गेला.

तरी मी गेले. वडखळला गाडी बदलायची, उन्हात उभं राहायचं, अलिबागला पोचलं की कळायचं आज तारीख पुढे गेली. बरगडीखाली ओढ लागायची तेव्हा पिशवी पोटाशी धरून बसायची.

शेवटी एकदाचं मला मंचापुढे उभं केलं. दिनकरच्या वकिलाने आधी म्हटलं, जेवणाचे पैसे कारखान्याचा शेठ पगारातून कापून देत होता, म्हणजे बाई ग्राहकच नाहीत. अध्यक्षांनी ते उडवून लावलं. जेवण जिने घेतलं ती ग्राहक, म्हणाले. मला वाटलं, जिंकले. मग वकिलाने म्हादूकाका आणि इतर पंचांची प्रतिज्ञापत्रं पुढे केली. प्रकरण गावात मिटलेलं आहे, जेवणात काही दोष नव्हता, तरी शेजारधर्म म्हणून दिनकरने नारळ दिला आणि बाईंच्या घराने तो स्वीकारला.

अध्यक्षांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही नारळ घेतलात?"

"मी घेतला नाही. मला ठाऊकच नव्हतं."

"खाल्लात?"

खोटं बोलता आलं असतं. "खाल्ला," मी म्हटलं. मागे कुणीतरी हसलं. तिथे एक बाई सदस्य होत्या, त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "यांच्या यजमानांना विचारा. यांना विचारून घेतला होता का?"

सगळी केस त्या एका प्रश्नावर आली. हे म्हणाले असते, नाही, न विचारता उचलला, तर तो नारळ माझ्यावर लागू झाला नसता. माझ्या वकिलांनी मला खूण केली, आता बघा. हे उभे राहिले. मागच्या बाकावर म्हादूकाका बसले होते, टोपी मांडीवर घेऊन. यांनी एकदा तिकडे पाहिलं.

"व्हय साहेब," हे म्हणाले. "विचारून घेतला. तीच म्हणाली, घ्या म्हणून."

तक्रार सामोपचाराने मिटली असल्याने निकाली. पाण्याचा अहवाल कुणी उघडूनही पाहिला नाही.

अलिबागच्या स्टँडवर मी यांना विचारलं, "का?" यांनी आधी तिकिटाचे पैसे मोजले. मग म्हणाले, "तू अष्टमीला जाशील. मला तिथंच राहायचंय. आई मेली तर खांद्याला कोण येल?" मी म्हटलं, "मी मेले असते तर आले असते ना सगळे? दिनकर पण आला असता, डबा घेऊन." यांनी मान खाली घातली. मला त्यांची दयासुद्धा आली नाही.

वर मुंबईला अपील करता येतं, तेव्हा तीस दिवसांची मुदत होती. मी केलं नाही. नवऱ्याचाच जबाब विरुद्ध असल्यावर कुठल्या तोंडाने जायचं? तुम्ही मात्र करा. आणि केस घालायच्या आधी घरातल्या माणसांना विचारा, उद्या तिथे उभे राहून काय बोलाल? ते आधी विचारा, पाण्याचा नमुना नंतर.

*

उन्हाळ्यात मंदाच्या मुलीचं लग्न झालं, गावातच. जेवणाचं काम दिनकरला दिलेलं. खाडीकडच्या गावांना मार्च उलटला की पाणी नसतं, म्हणून पाणीही त्यानेच आणलेलं, पिंपं भरून, टेम्पोतून. कुठल्या विहिरीचं ते सगळ्यांना माहीत होतं. मला जायचं नव्हतं. पण गावकीचा निरोप आला, वहिनीने पंगतीत बसायला हवं, म्हणजे मनात काही नाही हे दिसेल. मंदासाठी गेले.

मला मुद्दाम पहिल्या पंगतीत बसवलं. समोर म्हादूकाका, त्यांच्याशेजारी इतर पंच, माझ्या बाजूला हे. दिनकर स्वतः वाढत होता. "वहिनी, गरम भात." सगळ्यांचे डोळे माझ्या पानावर. मी गरम भात घेतला, वरण घेतलं, जेवले. बाकी काही घेतलं नाही.

ऊन रणरणत होतं. वरणात तिखट जास्त पडलेलं. आणि माझ्या लक्षात आलं, पंगतीत एकानेही पाण्याला हात लावलेला नाही. सगळे ग्लास काठोकाठ तसेच. म्हादूकाकांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, त्यांना ठसका लागला, तरी ग्लास जिथल्या तिथे. यांचाही.

"काका, पाणी घ्या की," मी मोठ्याने म्हटलं.

"तहान नाय," ते म्हणाले.

मी पिशवीतून माझी बाटली काढली. घरून उकळून गार केलेलं पाणी मी तेव्हापासून बरोबर ठेवते. सावकाश प्यायले. म्हादूकाकांनी इकडेतिकडे बघितलं, आपल्या ग्लासातलं पाणी हळूच मागे जमिनीवर ओतलं आणि रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला.

"वाईच दे गो इकडं."

"अलिबागला चला," मी म्हटलं. "तिथं साहेबांसमोर मागा, तिथं देते."

आणि बाटलीला झाकण लावलं.